ओल आणि थकबाकी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक घर भाड्याने दिलेलं असताना आता दुसरं घ्यायचं म्हणतोस, त्याबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस. किंमत, कर्ज, बँक किती देईल, पुढच्या काही वर्षांत भाव कुठे जाईल, सगळं आहे त्यात. आणि सही करण्यापूर्वी एक ओळ: ‘भाडेकरू म्हणतात बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे, आणि या महिन्याचं भाडं यायचं आहे, पण होईल ते.’

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीचं पत्र महिनाभर थांबू शकतं, ती ओळ थांबू शकत नाही.

तू जाऊन भिंत पाहिली नाहीस, हे मला लगेच कळलं. पाहिली असतीस तर ती बाहेरची भिंत आहे की बाथरूमला लागून आहे, ओल खालून वर चढते आहे की वरून उतरते आहे, हे लिहिल्याशिवाय तुला राहवलं नसतं. आता जा. जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ विचार. किल्ली तुझ्याजवळ असली तरी ते आज त्यांचं घर आहे. जाताना प्लास्टिकचा एक जाड तुकडा आणि चिकटपट्टी घेऊन जा. ओलीच्या जागी तो तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटव आणि 24 तासांनी बघ. प्लास्टिकच्या आत, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल, तर घरातली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. अशा वेळी खिडकी उघडी ठेवणं, एक्झॉस्ट फॅन चालवणं, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं, एवढ्यानेही बरंच काम होतं.

भिंतीतून येत असेल तर शोध पुढे न्यावा लागेल. भाडेकरूंना सांग, रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. आकडा सरकला तर कुठेतरी पाइप गळतो आहे, फक्त त्याआधी फ्लशची टाकी गळत नाही ना हे पाहून घे. टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा. अर्ध्या तासात फ्लश न करताच तो भांड्यात उतरला तर दोष टाकीचा. मीटर स्थिर राहिला तर संशय बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर, सांडपाण्याच्या पाइपवर, नाहीतर बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेवर. हे सगळं होईपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नकोस. ओल्या भिंतीवर दिलेला रंग काही आठवड्यांत पापुद्र्यांनी सुटतो, आणि मधल्या काळात पाणी आत काम करतच राहतं.

मी एवढं बारकाईने सांगते आहे, कारण मी हे केलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या घरातल्या भाडेकरू बाईंनी मला सांगितलं होतं, कपाटामागे भिंत गार लागते. गार लागते, एवढंच. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. बाथरूमच्या भिंतीत पाइपचा एक सांधा ठिबकत होता. मी गेले तोवर कपाटाची प्लाय फुगली होती, त्यांच्या मुलाची पुस्तकं बुरसटली होती आणि खालच्या घराच्या छताला डाग पडला होता. एक सांधा बदलण्याऐवजी अर्धी भिंत फोडावी लागली. पण मला त्या खर्चाहून जास्त लागलं ते दुसरंच. त्या बाईंनी भांडण केलं नाही. करार संपला तेव्हा शांतपणे घर सोडलं. वेळेवर भाडं देणारी, घर आपल्यासारखं सांभाळणारी माणसं मी एका पुढे ढकललेल्या फोनपायी घालवली. नंतर दोन महिने घर रिकामं होतं.

रिकाम्या घराचा हिशोब एकदा स्वतः मांडून बघ. वर्षाचे 12 महिने, त्यातला एक रिकामा गेला म्हणजे वर्षाच्या भाड्याचे 8.33 टक्के गेले. आता समजा, तू 5 टक्के भाडेवाढीसाठी अडून बसलास, भाडेकरू गेले आणि घर फक्त एक महिना रिकामं राहिलं. तो एक महिना त्या 5 टक्क्यांतून भरून यायला 20 महिने लागतात. रंगकाम, दलाली आणि तुझ्या फेऱ्या मी धरलेल्याच नाहीत. भाडं वाढवू नकोस असं मी म्हणत नाही, खर्च वाढतात तसं भाडंही वाढलं पाहिजे. पण वाढ किती आणि कधी, हे करारातच लिहिलेलं असू दे आणि त्याची आठवण दोन-तीन महिने आधी करून दे. चांगल्या भाडेकरूला बाजारभावापेक्षा थोडं कमी भाडं लावून टिकवणं हा मला आजवर कायम फायद्याचा सौदा वाटला आहे.

आता थकबाकी. ‘होईल ते’ हे शब्द तुझे आहेत की त्यांचे? तुझे असतील तर मला काळजी वाटते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते भाड्याच्या व्यवहारात अक्षरशः खरं होताना मी पाहिलं आहे. एका भाडेकरूची नोकरी गेली होती. सज्जन माणूस. मी पहिल्या महिन्यात विचारलं नाही, वाटलं, बिचाऱ्याला कशाला टोचायचं. दुसऱ्या महिन्यात विचारायची मलाच लाज वाटली. चौथ्या महिन्यात रक्कम इतकी झाली की त्याला ती फेडणं शक्यच नव्हतं, आणि तो माझे फोन घेईनासा झाला. पहिल्याच आठवड्यात मी बोलले असते तर आम्ही दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असतं. अर्धं आता, अर्धं पुढे. किंवा लहान घर शोधायला दोन महिने, अनामतीतून वळतं करून. माझ्या गप्प बसण्यात दया होती असं मला तेव्हा वाटलं. त्याचं मात्र त्या गप्पपणाने नुकसानच झालं.

म्हणून भाड्याची तारीख उलटली की तिसऱ्या दिवशी साधा मेसेज जाऊ दे, आणि आठवडा झाला की फोन कर. आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. ‘या महिन्याचं भाडं दिसलं नाही, काही अडचण आहे का?’ एवढंच विचार आणि मग ऐक. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून दोघांकडे ठेव: रक्कम, तारीख, हप्ता. पैसे आले की पावती. अर्धे आले तरी अर्ध्याची पावती.

आणि कितीही राग आला तरी पाणी तोडणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यांतलं काही करायचं नाही. बहुतेक ठिकाणी कायद्याला हे मान्य नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या लेकरांचं पाणी तोडून मिळवलेलं भाडं आपल्याला नको. ताबा परत मिळवायची वेळ आलीच तर लेखी नोटीस, वकील, न्यायालय. वाट लांब आहे, पण तीच आहे. त्या वाटेवर तुझ्या हातात असतो तो करार, पावत्या आणि जपून ठेवलेले मेसेज.

या दोन्ही गोष्टींची सुरुवात खरं तर भाडेकरू निवडताना होते, आणि तिथे घाई फार नडते. घर रिकामं असलं की पहिला विचारणारा देवासारखा वाटतो. तरी उत्पन्नाचा पुरावा बघ, सध्याच्या घरमालकाशी बोल. सध्याचा घरमालक त्याला घालवायला उत्सुक असू शकतो, म्हणून जमलं तर त्याच्याही आधीच्या घरमालकाशी बोल. निकष आधी कागदावर लिही आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लाव. धर्म कुठला, भाषा कुठली, बाई एकटी राहते का, यावरून मी माणसं नाकारताना पाहिली आहेत. भाडं वेळेवर येण्याशी यांतल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही, आणि दारातून परत पाठवलेल्या माणसाला ते आयुष्यभर आठवतं. तू तसं कधी करू नकोस. एजंट सुचवेल, तरी नाही.

अनामत रक्कम तू घराच्या पडद्यांसाठी वापरलीस असं मागच्या पत्रात होतं. ती रक्कम जमेल तितक्या लवकर भरून काढ आणि वेगळ्या खात्यात ठेव. ते पैसे त्यांचे आहेत, आपल्याकडे फक्त सांभाळायला दिलेले. घर देताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढले होतेस ना? भिंती, नळ, ओट्याखालचा भाग, मीटरचे आकडे? नसतील तर आता जाशील तेव्हा त्यांच्या परवानगीने काढ. सोडताना हेच फोटो समोर ठेवून बोलायचं असतं, आणि तेव्हा झीज कुठली, नुकसान कुठलं यात प्रामाणिक राहायचं. मळलेला रंग ही झीज. फुटलेलं बेसिन हे नुकसान. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलंस आणि भाडेकरू चार वर्षं राहिले, तर भिंती त्यांनी खरंच खराब केल्या असल्या तरी त्यांच्याकडून मागायचा तो उरलेल्या एका वर्षापुरता, म्हणजे पाचवा हिस्सा. सगळा खर्च अनामतीतून कापून घेणारे घरमालक मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत.

एक गोष्ट राहिली, ती एका दिवसासाठीही पुढे ढकलू नकोस. भिंतीच्या त्या बाजूला विजेचा पॉइंट असेल तर आजच इलेक्ट्रिशियन पाठव. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे त्याला तपासायला सांग. नुसता एमसीबी, म्हणजे बोर्डातला नेहमीचा आपोआप पडणारा स्विच, जास्त भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो, माणसाला बसणाऱ्या झटक्यापासून नाही. आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तो बाहेर हलव. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आत गेलेल्या माणसाला कळतही नाही.

आता दुसरं घर. तू भाडं गुणिले 12 भागिले किंमत असा आकडा काढला आहेस. त्यातून आधी एक रिकामा महिना वजा कर, मग देखभाल, कर, विमा, सोसायटीची वर्गणी, दुरुस्ती, दलाली, आणि मग उरलेलं किमतीला भाग. आकडा बराच खाली येईल. कर्जाचंही नीट बघ: 9 टक्क्यांचं, 20 वर्षांचं कर्ज असेल तर पहिल्या हप्त्यातले जवळपास 83 टक्के नुसतं व्याज असतं. घर हळूहळू आपलं होतंय असं वाटतं, ते सुरुवातीची वर्षं फारच हळू. दोन्ही घरं एकाच वेळी रिकामी राहिली तरी सहा महिने हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला आहे का? तुझ्या पत्रात ती मला कुठे दिसली नाही. माझ्या मते आधी या घराचं एक पूर्ण वर्ष वहीत उतरू दे, ठरलेलं भाडं नव्हे, हातात आलेलं भाडं आणि खरोखर झालेला खर्च. ती वही घेऊन ये, मग आपण दोघं बसून ठरवू.

आज सगळ्यात आधी त्यांना फोन कर. आधी ओलीचं विचार, भाड्याचं नंतर. आणि परवा मला कळव, पाणी प्लास्टिकच्या कुठल्या बाजूला आलं.