आंब्वाझला दोन रात्री राहा

गेल्या अंकात फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या आंब्वाझ या जुन्या राजनगरीचा उल्लेख दोनच ओळींत केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. मी आंब्वाझपासून पंचवीसेक किलोमीटरवर, तूर शहरात, सहा वर्षं राहिले. अजूनही जमेल तेव्हा तिकडे जाते. त्यामुळे या वेळचं सदर त्याच गावाला देतेय.

ताई, नमस्कार. मुलगी पॅरिसला नोकरी करते. एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत आणि मधले दोन-तीन दिवस राजवाडे बघायचं मनात आहे. पॅरिसहून एका दिवसात चार राजवाडे दाखवणारी बस मिळते. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बस बरी की एकाच गावी जाऊन राहावं? — निवृत्त शिक्षिका, सांगली

बस नका घेऊ. हे मी अनुभवाने सांगते. आई-बाबा पहिल्यांदा तूरला आले तेव्हा मी हौसेने एका दिवसात तीन राजवाडे बसवले होते. रत्नागिरीला परतल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, काय काय पाहिलंत? तिला सांगता येईना. कुठला जिना कुठल्या वाड्यातला, नदीवर बांधलेला महाल तो कुठला, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. लख्ख आठवत होती ती आंब्वाझची गच्ची. तिथे कठड्याशी बसून तिने संत्रं सोललं होतं आणि खाली ल्वारमधली वाळूची बेटं दिसत होती. पुढच्या खेपेला आम्ही दोन रात्री आंब्वाझलाच राहिलो. तुम्हीही तेच करा.

पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्टेशनवरून थेट गाडी मिळाली तर साधारण दोन तासांत पोचता. माँपार्नासहून वेगवान गाडीने सें-पिएर-दे-कोरला उतरून तिथून छोटी गाडी पकडायचा दुसरा मार्गही आहे, पण बॅगा घेऊन गाडी बदलायची आहे हे ध्यानात ठेवा. आंब्वाझचं स्टेशन नदीच्या उत्तर तीरावर आणि जुनं गाव दक्षिण तीरावर. गुडघ्यासाठी स्टेशनवरून टॅक्सीच करा. सामान टाकून चहा झाला की संध्याकाळी मात्र पुलावर पायी या. पुलाच्या मधोमध एक बेट लागतं, त्याचं नाव ‘सोन्याचं बेट’. तिथल्या बाकावर बसलात की समोर अख्खा महाल: खडकावर चढवलेला, नदीच्या बाजूला एक जाडजूड बुरूज, खाली घरांची काळसर पाटीच्या दगडाची छपरं. पहिल्या संध्याकाळी एवढंच पाहिलं तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी महालाचं दार उघडता उघडता आत शिरा. आठवा शार्ल हा राजा इथेच 1470 साली जन्मला. जन्मगावचा किल्ला त्याने नव्याने बांधायला काढला, आणि पुढे इटलीवर स्वारी करून आला तो तिथले कारागीर आणि बागवान बरोबर घेऊन. 7 एप्रिल 1498 ला चेंडूचा खेळ बघायला निघालेला असताना एका बुटक्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली आणि काही तासांतच तो गेला. वय अवघं सत्तावीस. आज दिसतो तो महाल मूळच्या मानाने फार थोडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, डागडुजीचा खर्च झेपेना म्हणून, पुष्कळसा भाग पाडून टाकला. आत गेल्यावर इतकी मोकळी जागा का, असं वाटेल, त्याचं कारण हे.

तुमच्या ह्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे इथले दोन बुरूज. त्यांच्या पोटात पायऱ्याच नाहीत. गोल गोल वर जाणारा रुंद उतार आहे, घोडे आणि गाड्या थेट गच्चीपर्यंत नेता याव्यात म्हणून केलेला. नदीकडचा तो मिनिम बुरूज, गावाकडचा तो उर्तो. उर्तोतून उतरताना घाई करू नका. कमानींच्या फासळ्या जिथे भिंतीला टेकतात, तिथे पाथरवटांनी माणसं आणि प्राणी कोरलेत. ते कुठल्याही दरबारी शिल्पापेक्षा मला जास्त जिवंत वाटतात. उतार सलग असल्याने गुडघा वाकवावा लागत नाही, पण फरशी घोटलेली आहे, तेव्हा काठी असू द्या. बाकी दालनांत पायऱ्या आहेत. तिकीटखिडकीवर गुडघ्याचं आधीच सांगा, सोपी वाट दाखवतात.

हा सगळा भाग त्युफो नावाच्या पांढऱ्या चुनखडीचा आहे. आपला जांभा जसा खाणीतून काढताना मऊ असतो, तसाच हाही कापायला मऊ. भिंतीवरून बोट फिरवलंत तर खडूसारखी पांढरी भुकटी लागते. महालाकडून क्लो ल्युसेकडे, म्हणजे लिओनार्दो दा विंची राहिला त्या वाड्याकडे, जाणाऱ्या रस्त्याला लागलात की कडेला खडकातच कोरलेली घरं दिसतील: दार, खिडकी, खिडकीत जिरेनियमची कुंडी, वर खडकातून निघालेलं धुरांडं. आत माणसं राहतात, तेव्हा डोकावू नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ल्वारकाठी उपाशी राहावं लागेल का? — डोंबिवली

उपाशी राहणार नाही, पण वेळा पाळाव्या लागतील. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि कितीही विनवलं तरी काही मिळत नाही.

शक्य असेल तर मुक्कामात रविवारची सकाळ येऊ द्या. नदीकाठी मोठा बाजार भरतो. शुक्रवारीही असतो, पण लहान. तिथे बकरीच्या दुधाचं सेंत-मोर चीज घ्या. लांबट नळकांडं, वरून राखेचा करडा थर, आणि मधोमध आरपार एक गव्हासारख्या धान्याची काडी. ती काडी चीज मोडू नये म्हणून घातलेली असते, खायची नाही. चीज कापताना आधी ती ओढून काढतात. ताजं घेतलंत तर चव आपल्या चक्क्याजवळ जाते, जुनं घेतलंत तर जिभेला झोंबतं. एक सांगून ठेवते: पुष्कळ पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. तुमच्या घरात ते चालत नसेल तर विक्रेत्याला तसं विचारूनच घ्या.

दुसरा पदार्थ फुए. छोटी गोल भाकरी, भट्टीत टाकली की टम्म फुगते. आपला फुलका आठवल्याशिवाय राहत नाही. गरम असताना फोडून आत लोणी, बकरीचं चीज किंवा पांढऱ्या घेवड्याची उसळ भरतात. मात्र त्यात ‘रियेत’ भरलेलीही मिळते. ती बहुधा डुकराच्या मांसाची असते, म्हणून मागताना ‘रियेत नको’ हे शब्द पाठ करून ठेवा. अंडं चालत नसल्याने केक, टार्ट, क्रेप यांचं प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. भाजी, फळं, पाव, दही यांची मात्र रेलचेल. राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर प्रश्नच मिटला. आई मेतकूट घेऊन आली होती, आणि बाजारातल्या ताज्या बटाट्यांबरोबर आम्ही ते दोन्ही रात्री खाल्लं.

आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता एकदम किंमत विचारली तर त्यांना तो सरळसरळ उद्धटपणा वाटतो.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा. राजे-राण्या बघून कंटाळेल अशी धास्ती आहे. अर्धा दिवस हाताशी आहे. शेनोंसोचा राजवाडा, शांबोरचा की आणखी काही? — श्टुटगार्ट, जर्मनी

शांबोर अर्ध्या दिवसात नको, तो लांब आहे आणि अवाढव्यही. मुलासाठी मी शांतलूचा पॅगोडा सुचवते. गावापासून तीनेक किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. श्वाझल नावाचा एक ड्यूक पंधराव्या लुईचा मंत्री होता. त्याची मर्जी संपली तेव्हा त्याला आपल्या जहागिरीवर धाडलं. त्या पडत्या काळात जे मित्र भेटायला येत राहिले, त्यांच्या आठवणीसाठी त्याने 1775 च्या सुमारास हा सात मजली, 44 मीटर उंच दगडी मनोरा उभारला. ड्यूकचा राजवाडा पुढे पाडला गेला, मनोरा तेवढा राहिला. वर चढत जाल तसा प्रत्येक मजला आधीच्यापेक्षा लहान, जिना अरुंद. शेवटच्या सज्जातून ल्वारचं खोरं दिसतं. खाली तळं आहे, होडी वल्हवता येते, लाकडी जुने खेळ मांडलेले असतात.

क्लो ल्युसेच्या बागेतही तो रमेल. लिओनार्दोच्या वह्यांतल्या आकृत्यांवरून बनवलेली मोठाली यंत्रं तिथे झाडांमध्ये मांडली आहेत, आणि त्यातली काही मुलांना हाताने फिरवता येतात.

शेनोंसो तुम्हा दोघांसाठी. शेर नदीच्या पात्रावर बांधलेलं साठ मीटर लांबीचं दालन पहिल्या महायुद्धात रुग्णालय होतं, एवढं मुलाला आधी सांगा म्हणजे तोही नीट बघेल.

लिओनार्दो दा विंची खरंच आंब्वाझमध्ये पुरला आहे का? की पर्यटकांसाठी रचलेली गोष्ट? — महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

तो आंब्वाझमध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला, याबद्दल शंका नाही. पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या निमंत्रणावरून तो 1516 मध्ये आला. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. राहायला क्लो ल्युसेचा विटांचा वाडा मिळाला. ‘मोना लिसा’ त्याने बरोबर आणली होती, म्हणूनच ती आज पॅरिसमध्ये आहे. 2 मे 1519 ला तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला महालाच्या आवारातल्या सें-फ्लोरांतँ चर्चमध्ये पुरलं.

शंका आहे ती हाडांबद्दल. महालाची मी वर सांगितलेली पाडापाडी झाली, तेव्हा हे चर्चही गेलं. 1863 मध्ये तिथे खणल्यावर एक सांगाडा आणि अक्षरं कोरलेले दगडाचे तुकडे सापडले. ते त्याचेच असावेत असं मानून 1874 मध्ये ते महालाच्या आवारातल्याच सेंत-युबेर या छोट्या प्रार्थनामंदिरात ठेवले. ‘असावेत’ हा शब्द तिथले लोकही वापरतात. राजाच्या मांडीवर त्याने प्राण सोडला, ही चित्रांतून लोकप्रिय झालेली गोष्ट मात्र बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, कारण राजा त्या सुमारास पॅरिसजवळ होता.

प्रार्थनामंदिरात शिरण्याआधी दारावरची कोरीव पट्टी बघा. शिकारीला निघालेल्या संत युबेरला हरणाच्या शिंगांत क्रूस दिसतो, तो प्रसंग आहे. कुत्र्यांच्या बरगड्या मोजता येतात.

महालाच्या बागेत ‘मुसलमान कैद्यांची कबरस्ताने आहेत’ असं तुम्ही लिहिलंत आणि विषय सोडून दिलात. कोणाची? — रत्नागिरी

माझ्या गावच्या माणसाने विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. हे तुम्हाला लगेच कळेल, कारण आपण थिबा राजाच्या, इंग्रजांनी कैद करून रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाच्या, गावची माणसं.

अब्द अल-कादिर हा अल्जीरियाचा अमीर. फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढला. डिसेंबर 1847 मध्ये शरण आला तो एका वचनावर: मला आणि माझ्या माणसांना पूर्वेकडे, मुसलमानी मुलखात जाऊ द्या. वचन दिलं गेलं आणि मोडलं गेलं. आई, बायका, मुलं, सोबती अशा साऱ्या लवाजम्यासह त्याला फ्रान्समध्ये आणून आधी तूलाँ, मग पो आणि नोव्हेंबर 1848 पासून आंब्वाझच्या महालात ठेवलं. उन्हाच्या देशातली ती माणसं त्या दगडी दालनांत चार हिवाळे राहिली. काही जण तिथेच आजारी पडून गेले, लहान मुलंही. ऑक्टोबर 1852 मध्ये फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन बोनापार्ट स्वतः आंब्वाझला आला आणि सुटका झाल्याचं त्याने अमीराला सांगितलं. पुढे अमीर दमास्कसला स्थायिक झाला, आणि 1860 च्या दंगलीत त्याने हजारो ख्रिस्ती लोकांना आसरा देऊन वाचवलं. ज्यांनी त्याला कोंडलं होतं, त्यांच्याच धर्माची ही माणसं.

आंब्वाझमध्ये मेलेले पाठी राहिले. बागेच्या वरच्या अंगाला त्यांच्यासाठी 2005 मध्ये रशीद कोराइशी या अल्जीरियन कलावंताने पंचवीस दगड उभे केले. कमरेपेक्षाही बुटके, ओळीने लावलेले, वर अरबी अक्षरं. फेब्रुवारी 2022 मध्ये गावाने नदीकाठी अमीराचं पोलादी पत्र्यातलं शिल्प बसवलं. उद्घाटनाच्या आदल्या रात्री कोणीतरी ते वाकवून तोडलं. उद्घाटन ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी झालं, याबद्दल मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं.

लहानपणी थिबा पॉइंटवर गेलं की आजी सांगायची, राजा इथून दुर्बिणीने भाट्याच्या खाडीकडची गलबतं बघत बसायचा. तो 1916 मध्ये रत्नागिरीतच गेला, ब्रह्मदेश त्याला पुन्हा दिसला नाही. आंब्वाझच्या गच्चीवर उभी राहिले की ल्वारकडे बघताना मला आजीचं बोलणं हटकून ऐकू येतं.

बसगाड्यांबरोबर आलेली माणसं त्या बागेपर्यंत सहसा चढत नाहीत. आई दुसऱ्या खेपेला आली तेव्हा चढली. दगड कोणाचे आहेत ते मी सांगितल्यावर तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि एकेका दगडापाशी थांबत ती ओळ पूर्ण केली. जाल तेव्हा दुपारी चारनंतर जा. महाल बंद व्हायची वेळ मोसमाप्रमाणे बदलते, ती मात्र सकाळीच फाटकावर पाहून ठेवा.