जळगावच्या डाळ मिलमध्ये सूचनापेटी लावली, वर्षभर रिकामीच. जपानात चालतं ते इथे का नाही? संस्कृतीचा संबंध असतो का?

संबंध असतो, पण पेटी रिकामी राहण्याचं अर्धंच कारण तिथे सापडेल. गेर्ट हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञांनी 1967 ते 1973 दरम्यान आयबीएम या संगणक कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची मतं तपासून ‘सत्तेतील अंतर’ मोजलं. त्यात भारत 77, जपान 54 आणि ऑस्ट्रिया 11. आकडा मोठा म्हणजे वरच्याला आपणहून काही सुचवणं हा आगाऊपणा वाटतो. आपल्याकडचं ‘मालकले कोन सांगी?’ हे तेच.

दुसरी अडचण कसबाची. तुरीला तेल-पाणी किती द्यायचं आणि उन्हात कधी पलटायची, हे मिस्त्री दाणा दाताखाली फोडून ठरवतो. ते चिठ्ठीवर उतरत नाही. जपानी कारखान्यांतही असं ज्ञान बहुतेक शेजारी उभं राहूनच शिकतात, पेटीतून नाही (पेटी तेवढी आपण उचलली!). म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली एक पोरगा द्या आणि रोजचं तेल-पाणी, वाळवण, तुकडा किती निघाला हे त्याला वहीत टिपायला लावा. मालकाने स्वतः चहाच्या वेळी यंत्राजवळ जाऊन विचारलं तर आणखी बरं.

मात्र 77 हा देशाचा सरासरी आकडा आहे, तुमच्या मिस्त्रीचा स्वभाव नव्हे. सगळं शिकवल्यावर आपली गरज संपेल, या भीतीने तो गप्प असेल तर तो प्रश्न संस्कृतीचा नसून पगाराचा आहे. तो आधी मिटवा.