सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये मांडताना

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब वहीतून एक्सेलवर घेताय ना? मग रंग, बॉर्डर सगळं नंतर. आधी पहिल्या ओळीत मथळे लिहा: फ्लॅट, नाव, तारीख, रक्कम. खाली एका ओळीत एकच पावती. मध्ये रिकामी ओळ सोडू नका, आणि अनेक चौकटी जोडून एक करणाऱ्या मर्ज अँड सेंटरच्या बटणाला तर हातच लावू नका; पुढे सॉर्ट करायला गेलात की तेच आडवं येतं.

रकमेच्या रकान्यात फक्त आकडा. "१२०० रु." असं लिहिलंत की एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि SUM हे बेरजेचं सूत्र त्याला धरतच नाही. बरं, चूकही दाखवत नाही, हीच खरी गोची! माझी एकदा अशीच तीन फ्लॅटची रक्कम गळाली होती. अख्खी संध्याकाळ पासबुक घेऊन बसलो. ओळखायची खूण सोपी आहे. अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. तारखेचंही तसंच: एक्सेलने तारीख म्हणून ओळखली तर उजवीकडे, मजकूर समजली तर डावीकडे. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर फॉरमॅट सेल्समधून द्या, ते नुसतं दिसण्यापुरतं असतं.

बँक खाते क्रमांकांचा रकाना मात्र टाइप करण्याआधीच फॉरमॅट सेल्समधून टेक्स्ट, म्हणजे मजकूर, करून ठेवा. नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं आणि १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य होऊन बसतात. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत.

यादी लांबली की व्ह्यूमध्ये जाऊन फ्रीझ टॉप रो करा, म्हणजे खाली गेलात तरी मथळ्यांची ओळ दिसत राहते. रंगरंगोटी? मथळा ठळक केलात तरी पुष्कळ झालं.