तालुक्याच्या वाचनालयात सुट्टीत मुलांसाठी काय करता येईल, तेही हाताशी पैसे नसताना?

तुम्ही लिहिलंय की यंदा गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आलात, मे महिन्यात मुलांसाठी वाचनाचं आणि सोबत इतर काही करायचं मनात आहे. पण वाचनालय सरकारी वर्गवारीत ‘क’ वर्गातलं, म्हणजे लहानच, माणूस एकच आणि शिल्लक जवळपास शून्य. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं ग्रंथपाल होतो. त्यातली शेवटची ११ वर्षं दर सुट्टीत हा उद्योग केला. काय जमलं आणि काय अंगाशी आलं, ते सांगतो.

आधी एक सांगा, तुमच्या बालविभागाच्या कपाटाला कुलूप आहे का? आमच्याकडे होतं. काचेचं कपाट, किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आणि कपाटाच्या बरोबर वर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे पाच नियम फ्रेम करून टांगलेले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात. ग्रंथपालनाच्या परीक्षेला मी हे नियम १९३१ सालासकट घोकून गेलो होतो. तरी ते कुलूप काढायला मला ११ वर्षं लागली. पुस्तक हरवलं की दाखल नोंदवहीतल्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानं नोंदतात त्या वहीतल्या) त्या आकड्यावर तपासणीला आलेला साहेब बोट ठेवतो, एवढीच भीती. मूल वाचायचं राहून गेलं तर ते कुठल्या वहीत दिसत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे करतात तेच केलं. ‘उन्हाळी संस्कार व वाचन शिबिर’, पाच दिवस, दारावर फ्लेक्स, उद्घाटनाला तीन वक्ते. तिघांनीही मोबाइलमुळे वाचन कसं संपलं ते सांगितलं आणि बोलताना मधूनमधून स्वतःचे मोबाइल पाहिले. मुलं सतरंजीची दशी उपटत बसली होती. त्या पाच दिवसांत बालविभागातून एकही पुस्तक बाहेर गेलं नाही, कारण मी पाहुण्यांच्या चहात अडकलो होतो. फ्लेक्स, शाली आणि नारळ यांच्या पैशात तेव्हा मुलांची तीसेक पुस्तकं सहज आली असती. हा हिशोब मी नंतर मंडळाच्या बैठकीत मांडला, तर एक सदस्य म्हणाले, “पण सर, पेपरात फोटो आला ना.” तेही खरंच होतं.

आमच्या भागाचं एक निराळं दुखणं आहे, ते तुमच्याकडे नसेलही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पुष्कळ मुलं आईबापांसोबत जातात. म्हणजे शाळा भरते तेव्हा पोरं फडात आणि पोरं गावात येतात तेव्हा शाळेला सुट्टी. मे महिन्यात त्यांच्यासाठी उघडं असलेलं दार कुणाचं, तर देवळाचं आणि वाचनालयाचं. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि शिबिराचा नाद सुटला.

आमच्या अध्यक्षांना मात्र “याचा उपयोग काय” ते हवं होतं. त्यांना मी बार्बरा हाइन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम सांगितलं. त्यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक लिहिलं. गरीब घरातली मुलं मागे पडतात ती बरीचशी सुट्टीत, आणि सुट्टीत किती पुस्तकं वाचली याचा त्यांच्या प्रगतीशी संबंध दिसतो, असं त्यात आहे. सार्वजनिक वाचनालयाचा वाटाही त्यांनी आवर्जून नोंदवलाय. अध्यक्षांना अटलांटाशी कर्तव्य नव्हतं, पण पुस्तकाचं साल ऐकून त्यांनी मान डोलावली. कधीकधी सालानं काम होतं.

आता प्रत्यक्ष कसं केलं ते. वेळ सकाळी साडेसात ते दहा. आमच्याकडे मे महिन्यात ४२ अंश सहज होतात, अकराला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वर्गणी नाही, अनामत नाही. एका कागदावर घरच्यांची सही, सही येत नसेल तर अंगठा. एका वेळी एक पुस्तक घरी न्यायचं आणि परत आणलं की दुसरं.

बक्षिसाच्या बाबतीत आम्ही सपशेल फसलो. सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला सायकलचा पंप जाहीर केला होता. (का पंप, तर एका दुकानदारानं तोच दिला.) एका मुलीनं २० दिवसांत ५४ पुस्तकं ‘वाचली’. वहीत प्रत्येक पुस्तकाबद्दल चार सुबक ओळी. मला कौतुक वाटलं, मग शंका आली, म्हणून एक पुस्तक काढून पाहिलं तर चारही ओळी मलपृष्ठावरच्या होत्या, ‘बालवाचकांना निश्चित आवडेल’ यासकट. पोरीचा काय दोष? आम्ही आकडा मागितला, तिनं आकडा दिला.

पुढच्या वर्षापासून सहाच पुस्तकं ठेवली. ही कल्पना आमची नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून तिथल्या वाचनालयांत ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालतं, त्यात मुलांनी सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची असतात. सहा हा आकडा मला फार शहाणा वाटला. हळू वाचणाऱ्या पोराच्याही आवाक्यातला, आणि पहिला नंबर काढायला जागाच नाही. वही बंद केली. पुस्तक परत आणलं की माझ्या टेबलाशी उभं राहून एवढंच सांगायचं, कुठलं पान परत वाचलंस? ज्यानं वाचलंय त्याला ते लगेच सापडतं.

बक्षीस म्हणून सहा पुस्तकं पुरी केलेल्यांना नवीन पुस्तकांच्या खरेदीत मत दिलं. विक्रेत्याची यादी आणि नमुन्याच्या प्रती सतरंजीवर पसरायच्या आणि दहा पुस्तकं मुलांनी निवडायची. त्यांनी भुतं, विनोद, साप आणि मोटारसायकल दुरुस्ती निवडली. थोरांच्या चरित्रांना हात लावला नाही. मंडळात यावरून जोरदार बैठक झाली, “भुताच्या गोष्टींनी काय संस्कार होणार” वगैरे. मी म्हटलं, चरित्रांची कपाटभर पुस्तकं कोरी करकरीत आहेत, ती बघून घ्या आणि मग ठरवा. भुतं मंजूर झाली.

आता एका मुलाबद्दल जरा सविस्तर सांगतो. सहावीत गेलेला, टोळीसोबत जाऊन आलेला. रोज सर्वांत आधी यायचा, मित्राशेजारी बसायचा आणि जाड पुस्तक उघडायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मित्रानं पान उलटलं की हाही उलटतो, अगदी त्याच क्षणी. त्याला वाचता येत नव्हतं. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहण्यांमध्ये दरवेळी येतं की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ते पेपरात वाचणं वेगळं आणि समोर असं पान उलटताना बघणं वेगळं. त्याला चारचौघांत काही विचारायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बालवाडीची चार पोरं आणि एक चित्रांचं पुस्तक दिलं. म्हटलं, “मला काम आहे, तू यांना गोष्ट दाखव.” दाखव म्हटलं, वाच म्हटलं नाही. त्यानं चित्रं बघून गोष्ट रचली आणि छान रचली. हत्तीला फडातल्या मुकादमाचा आवाज दिला. दोन दिवसांनी त्यातलीच एक चिमुरडी म्हणाली, “दादा, काल हत्ती येगळं बोलला व्हता.” मग त्याला पंचाईत पडली. दुपारी एकटाच आला आणि म्हणाला, “सर, ह्या पानावर नेमकं काय लिव्हलंय?” पानावर एक ओळ होती. आम्ही रोज एक पान केलं. जून उजाडेपर्यंत त्यानं ते एक पुस्तक अडखळत, बोट ठेवून, पुरतं वाचलं. एकच. सहाचं काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी खरेदीच्या सतरंजीवर त्यालाही बसवलं. नियम मोडला म्हणून दोन मुलं माझ्याशी भांडली.

म्हणून मोठ्या मुलांनी लहानांना मोठ्यानं वाचून दाखवणं हा उपक्रम तुम्ही ठेवाच. खर्च शून्य. आणि कोणाला वाचता येत नाही हे कळायचा दुसरा सभ्य मार्ग मला तरी सापडला नाही.

इतर उपक्रमांत चित्रकला, कागदकाम, कोडी हे सगळं चालतं. त्याबद्दल तुम्हाला कुणीही सांगेल. आमच्याकडे सर्वांत रंगलं ते फाटकी पुस्तकं शिवणं. गावात एक म्हातारे बाइंडर होते, त्यांना आठवड्यातून दोन सकाळी बोलावलं. मैद्याची खळ शिजवायची, सुटे जुज (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) जुळवून जाड दोऱ्यानं शिवायचे, कण्याला कापडी पट्टी लावायची, अस्तराचा कागद चिकटवून पुठ्ठा बसवायचा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलांच्या खळीत घालू देऊ नका; रोज ताजी खळ करा. मुलांनी एका सुट्टीत ६० च्या वर पुस्तकं उभी केली. आणि एक गंमत, स्वतः शिवलेलं पुस्तक पोरं पुन्हापुन्हा घरी नेतात. मग ते वाचूनही होतं.

दुसरं, ओव्या गोळा करणं. पुण्याचे संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, हे मी मुलांना सांगितलं आणि म्हटलं, आपापल्या आजीकडून दोन आणा. एक आजी स्वतःच वाचनालयात आल्या. पोरगं चुकीचं लिहील म्हणून. टेबलापाशी उभ्या राहून त्यांनी आठ ओव्या सांगितल्या आणि जाताना विचारलं, “ह्या आता पुस्तकात ऱ्हातील का?” आम्ही त्या वहीला दाखल क्रमांक दिला. तपासणीच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं, पण हसून.

पैशाचं बघू. आपल्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात कर्नाटक-केरळसारखा ग्रंथालय कर नाही. म्हणून आपण अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवरच जगतो. मोठ्या रकमेच्या वाटेला लागू नका. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनेत (म्हणजे ज्यात राज्याला बरोबरीचा वाटा घालावा लागत नाही) बालविभागासाठी मदत मिळू शकते. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. पण ते या मे महिन्यात होणार नाही, पुढचं धरून चाला. आज लागलीच हवं असेल तर ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी गोष्टी मोफत आहेत आणि त्या छापून वापरायला परवानगी आहे. आम्ही २० गोष्टी छापून घेतल्या आणि मुलांकडूनच शिवून घेतल्या.

पुस्तकं हरवण्याची भीती तुमच्याही ग्रंथपालांना असणार. कुलूप काढलं त्या सुट्टीत आमची २३० पुस्तकं बाहेर फिरली आणि सात आली नाहीत. मी मंडळापुढे ती निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून बाद करायच्या ठरावात घ्यायला ठेवली. ठराव झाला. पुढे दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या दिवसांत, एक बाई पदराखालून दोन पुस्तकं घेऊन आल्या, “गाडीत सामान भरताना घावली” म्हणाल्या. बाद केलेली पुस्तकं परत दाखल कशी करायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तो कागदी घोळ निस्तरायला दोन महिने लागले. म्हणून सांगतो, निर्लेखनाची घाई करू नका, दिवाळीपर्यंत थांबा.

आणि तुमच्याकडे आठवडी बाजार ज्या दिवशी असेल, त्या दिवशी वाचनालयाची सुट्टी असेल तर ती बदलून घ्या. आमची रविवारी असायची आणि बाजारही रविवारी. वाड्या-तांड्यांवरची मुलं आईसोबत त्याच दिवशी गावात येतात. आम्ही सोमवारी सुट्टी घेऊ लागलो आणि रविवारी दाराबाहेर भाजीच्या पिशव्यांची रांग लागायला लागली. पोरं आत, पिशव्या बाहेर. माठ मात्र दोन भरून ठेवा, एक पुरत नाही.