राष्ट्रीय पातळीवरच्या सांस्कृतिक संस्थेसाठी फंडरेझिंग मॅनेजर कसा निवडावा? कमी पगार आणि वर कमिशन असं ठेवलं तर चालेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नागपूरच्या केंद्रासाठी फंडरेझिंग मॅनेजर कुठून शोधावा, त्याच्यात काय बघावं, आणि पगार कमी ठेवून जमा होणाऱ्या पैशावर टक्के दिले तर तो जास्त जोर लावेल का. मी तिसऱ्यापासून सुरू करते, कारण हेच वाक्य मी सिव्हिल लाइन्समधल्या एका मीटिंगमध्ये टेबलाच्या या बाजूला बसून ऐकलेलं आहे आणि ते आजही डोक्यातून गेलेलं नाही.

टक्के देऊ नका. अजिबात नाही.

मी अशाच एका संस्थेत होते, नाव सांगत नाही. देशभर केंद्रं, मुख्य ऑफिस दिल्लीला, संगीत आणि लोककला हे काम. माझी नेमणूकच अशी झाली होती की पगार अकाउंट्सच्या मुलापेक्षाही कमी आणि जे आणाल त्याच्या दहा टक्के तुमचे. तेव्हा मला नोकरी पाहिजे होती, मी हो म्हटलं.

आमच्याकडे जुन्या मैफिलींच्या स्पूल टेप होत्या, कपाटंच्या कपाटं भरून. त्या खोलीतला एसी संध्याकाळी सहाला बंद व्हायचा, का तर बिल वाढते. आता नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि खोली पश्चिमेकडे उघडणारी. काही टेपचे डबे उघडले की आंबट, व्हिनेगरसारखा वास यायचा. जुन्या अॅसिटेट टेप गरमीनं आणि दमटपणानं कुजायला लागल्या की हा वास येतो, आणि एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, फक्त थंड कोरड्या जागी ठेवून हळू करता येतं, तेवढ्या वेळात डिजिटल कॉपी करून घ्यायची. काही रिळांवर पावसाळ्यातली पांढरी बुरशी होती ती वेगळीच. मी हे सगळं दाखवूनच पैसे मागायची, ब्रोशर वगैरे काही नाही, सरळ खोलीत न्यायची आणि डबा उघडायची.

रामदासपेठेतले एक काकाजी यायचे आमच्या कार्यक्रमांना, रिटायर्ड इंजिनिअर, पत्नी सतार शिकवायच्या, त्या गेल्यानंतर त्यांच्या नावानं काहीतरी करायचं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना खोली दाखवली. त्यांनी दोन डबे स्वतः उघडून नाकाशी नेले, मग चष्मा लावून डब्यांवरची हातानं लिहिलेली लेबलं एकेक वाचत बसले, कोणता राग, कोणत्या गावची मैफल. मला म्हणाले, उद्या घरी या. गेले. डायनिंग टेबलवर बंदिशींच्या वह्या काढून ठेवल्या होत्या त्यांनी, पत्नीच्या अक्षरातल्या, आणि बाजूला चेकबुक. तारीख लिहिली, संस्थेचं नाव लिहिलं, आणि रकमेच्या जागी पेन थांबला. म्हणाले, "ताई, एक विचारू? याच्यातले तुम्हाला काही भेटतात का?"

मी खरं सांगितलं. दहा टक्के.

ते चिडले नाहीत. जरा वेळ हिशोब केल्यासारखं बसले आणि म्हणाले, "म्हणजे दहा टेपांतली एक टेप तुमची झाली." पेनचं टोपण लावलं, चहा घ्या म्हणाले. चेक तसाच राहिला, अर्धा लिहिलेला.

आता कोणी म्हणेल, खोटं बोलायचं होतं, पगार घेते म्हणायचं होतं. पण जो माणूस बायकोच्या नावानं पैसे देऊन राहिला त्याच्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलून पुढं दहा वर्षं नातं कसं ठेवणार? आणि फंडरेझिंग म्हणजे दुसरं काही नसतंच, तेच नातं असतं.

मी तशीच ऑफिसला आले आणि कोषाध्यक्षांना सांगितलं, माझे टक्के काढून टाका, सरळ पगार द्या, एकूण कमी पडला तरी चालेल. त्यांचं म्हणणं, "पगार दिला की माणूस बसून खातो, टक्का ठेवला की पळतो. जगभर सेल्समध्ये हेच चालतं." मी म्हटलं, सर, हे सेल्स नाही, आपण त्यांना काही विकत नाही आहोत. त्यांना ते पटलं नाही. मी लेखी अर्ज केला, त्याला एका अमेरिकन संघटनेच्या आचारसंहितेतला मुद्दा जोडला, असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स नावाची संघटना आहे, तिच्या सदस्यांना जमा रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायची मनाईच आहे. जिथे हा धंदा इतका मोठा तिथल्याच लोकांनी हे ठरवलं, मग आपण "जगभर चालतं" कशाच्या जोरावर म्हणतो? दिल्लीच्या एका ट्रस्टी बाईंनी तो अर्ज नीट वाचला आणि ठराव झाला. मी ठरावाची कॉपी घेऊन काकाजींकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. त्या वर्षी एसीचे आणि पहिल्या लॉटच्या टेपचे पैसे आले, नंतर दरवर्षी आले. दर दिवाळीला त्यांना यादी जायची, यंदा कोणत्या टेप झाल्या, कोणत्या वाचल्या नाहीत. न वाचलेल्याही लिहायची मी, आणि मला वाटतं त्यामुळेच ते देत राहिले.

कोषाध्यक्षांनी शेवटपर्यंत हेच म्हटलं की चेक तसाही आलाच असता. नसता आला हो. मी त्या टेबलाशी बसले होते, ते नव्हते.

मी सोडल्यावर त्यांनी परत टक्क्यावर माणूस घेतला, आणि मग जे झालं ते तुमच्यासाठी जास्त कामाचं आहे. त्यानं पैसे आणले, नाही असं नाही. पण सगळे महोत्सवाच्या स्पॉन्सरशिपचे. स्टेजवर बॅनर, पासेस, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या. त्याला दोष नाही देत मी, ज्याचं घर टक्क्यावर चालते तो लवकर पिकणारंच पेरणार. टेपच्या खोलीसाठी दोन वर्षं एका माणसाकडे चहाला कोण जाईल? खोलीचा एसी परत सहाला बंद व्हायला लागला. आणि तो गेला तेव्हा फोन नंबर, कोणी काय कबूल केलं, कोणाला काय पाठवायचं, हे सगळं त्याच्या मोबाईलमध्ये गेलं, कारण टक्क्यावरचा माणूस डोनर स्वतःचा समजतो. डोनर संस्थेचा असतो. हे नेमणूकपत्रात लिहा, आणि रजिस्टर असो की एक्सेल, दर भेटीनंतर नोंद झालीच पाहिजे हे पण लिहा.

आता माणसात काय बघायचं. जाहिरातीत सगळे लिहितात "उत्तम संपर्क असलेला". हे मला मान्य नाही. संपर्क म्हणजे चार साहेबांचे नंबर, ते साहेब बदलून गेले की संपले. त्यापेक्षा इंटरव्ह्यूत त्याला एक कागद द्या आणि सांगा, आपल्याकडे अमुक काम अडलं आहे, कोणाकडे आणि का जाशील ते लिही. नियम वाचून आलेला माणूस लगेच कळतो. म्हणजे बघा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये सीएसआर आहे, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, आणि सातव्या परिशिष्टात वारसा, कला-संस्कृती, पारंपरिक कला हे स्पष्ट लिहिलेलं आहे, हे आता सगळ्यांनाच पाठ असतं. पण त्याच कलमात असंही आहे की कंपनीनं जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. हे ज्याला माहीत आहे तो वेकोलि (कोळसा) नाहीतर मॉयल (मँगनीज) या खाण कंपन्यांकडे जाऊन नागपूरच्या हॉलच्या खुर्च्यांसाठी पैसे मागणार नाही. ऑफिसं दोघांची नागपुरात, पण खाणी उमरेड, चंद्रपूर, वणी, भंडारा, बालाघाटकडे. तो म्हणेल, खाणीच्या गावांत दंडार आणि खडीगंमत या इकडच्या लोकनाट्यांच्या कलावंतांची कार्यशाळा घेऊ, रेकॉर्डिंग करू. संस्था तीच, पैसा तोच, पण अर्ज वाचणाऱ्याला हो म्हणायला जागा मिळते.

आणि तो मार्चमध्ये फोन करणारा नसावा. मार्चमध्ये उरलेसुरले पैसे मिळतात, कधी मिळतातही, पण वर्षाचा आराखडा कंपनीचं बोर्ड आधीच मंजूर करतं.

दुसरा प्रश्न त्याला टॅक्सचा विचारा. अजूनही लोक दारात जाऊन "८०जी आहे, टॅक्स वाचतो" म्हणतात, ८०जी म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट देणारं कलम. ज्यानं नवी कररचना घेतली आहे त्याला ८०जी ची सूट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते. म्हणजे बहुतेक नोकरदारांसमोर हा मुद्दा काढून तुम्ही स्वतःलाच अडाणी ठरवता. जुन्या पद्धतीवाल्याला सांगा, पण बहुतेक संस्थांच्या बाबतीत सूट देणगीच्या निम्म्यावर असते आणि त्यालाही उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि २००० रुपयांवर रोख दिली तर काहीच नाही, हेही सांगा. तुमची संस्था सांस्कृतिक मंत्रालयाच्या जवळची असेल तर नॅशनल कल्चर फंडचा रस्ता बघा, १९९६ साली स्थापन झालेला, त्यात दिलेल्या पैशावर पूर्ण सूट आहे आणि देणारा कोणत्या कामासाठी ते ठरवू शकतो. उमेदवारानं याचं नाव स्वतःहून काढलं तर त्याला दुसऱ्या फेरीत घ्या.

मोठ्या कामाचं उदाहरण पाहिजे असेल तर मुंबईचं भाऊ दाजी लाड म्युझियम. इमारत महापालिकेची, जाणकारी इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची, पैसा जमनालाल बजाज फाउंडेशनचा, म्हणजे नाव आपल्या वर्ध्याचंच. २००३ मध्ये तिघांचा करार झाला, २००८ मध्ये म्युझियम परत उघडलं. कोण काय करणार हे कागदावर होतं म्हणून ते झालं, आमच्या कमिटीला मी हे किती वेळा सांगितलं असेल, प्रत्येक वेळी उत्तर एकच, ती मुंबई आहे.

कुठून शोधायचा? जाहिरात द्या, लिंक्डइनवर टाका, पुण्या-मुंबईचे अर्ज येतील, पण मला विचाराल तर शोध इकडचा घ्या. वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची नाटकं तिकिटावर चालतात, अनुदानावर नाही. तिथे बुकिंग सांभाळणारा, गावोगावच्या मंडळांशी तारखा ठरवणारा, पैसे वेळेवर वसूल करणारा माणूस मला एमबीएवाल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण कलेसाठी लोकांच्या खिशातून पैसा कसा येतो ते त्यानं पाहिलेलं असतं. इंग्रजी पत्रं लिहायला दुसरा माणूस ठेवता येतो. हां, दिल्लीशी रोज बोलावं लागणार असेल तर इंग्रजी-हिंदी दोन्ही लागेल, तेवढं मान्य.

पगाराचा आकडा मी देणार नाही, तुमचं बजेट मला माहीत नाही. पण अकाउंट्सच्या प्रमुखापेक्षा कमी नको, आणि पहिल्या वर्षी त्याच्याकडून रक्कम मोजू नका. किती लोकांना भेटला, जुन्या देणगीदारांपैकी कितीजणांनी परत दिलं, किती पत्रांना वेळेत उत्तर गेलं हे मोजा. बोनस द्यायचाच असेल तर संपूर्ण केंद्राचं वर्ष चांगलं गेलं म्हणून सगळ्यांना सारखा द्या, शिपायापासून. तो टक्का नाही, त्याला माझी हरकत नाही.

हे सगळं ट्रस्ट किंवा सोसायटीला लागू आहे. तुमची संस्था थेट सरकारी असेल तर भरती नियम, मंजूर पद, कंत्राटी नेमणूक हे सगळं येते, तिथे आधी मंत्रालयाकडून काय करता येतं ते लेखी घ्या. परदेशातून देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा परवानगीशिवाय एक रुपयाही नको, आणि त्यातले प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांच्या वर वापरता येत नाहीत, तेव्हा मॅनेजरचा पगार त्यातून काढायचं स्वप्न असेल तर आधी सीएला विचारा. सीएसआरसाठी सीएसआर-१ नोंदणी झाली आहे का तेही बघा, २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत काम करूच शकत नाही.

आणि जाहिरात द्यायच्या आधी एक करा. गेल्या वर्षीच्या देणगीदारांना १०बीई सर्टिफिकेट, म्हणजे ८०जी साठी लागणारा देणगीचा दाखला, ३१ मेच्या आत गेली होती का ते तुमच्या अकाउंट्समध्ये विचारा. गेली नसतील तर आधी अकाउंट्सचा तो माणूस नीट करा, ज्यांची राहिली त्यांना फोन करा, मॅनेजरची जाहिरात त्यानंतर काढा. नाहीतर नवीन माणूस पहिले सहा महिने जुन्या लोकांची बोलणीच ऐकत फिरेल.