टाके ठीक आहेत, गळती दुसरीकडे आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "डॅलसजवळ राहतो. वय ४२, ग्रीन कार्ड आहे, आयटीत पगार वर्षाला १,४०,००० डॉलर. बायको, दोन मुलं, घराचं कर्ज. बचत खात्यात २२,०००. दोन वर्षांपासून गराजमध्ये पिस्तुलाचे चामडी हॉल्स्टर हाताने शिवून विकतो, पँटच्या आत कमरेला लावायचे, बाहेरून न दिसणारे. किंमत ११० डॉलर. महिन्याला आठ जातात आणि अकरा ऑर्डरी थांबल्या आहेत. सिलिंडर आर्मचं शिलाई मशीन २,९०० ला मिळतंय. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका सल्लागारांकडून तीन वर्षांपूर्वी आययूएल पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी व्याज जोडलेला आयुर्विमा) घेतली, हप्ता महिना ८००. ते म्हणतात, पॉलिसीवर कर्ज काढा, स्वतःच स्वतःची बँक व्हा. हप्ता जमावा म्हणून तेव्हा ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्ती बचत खातं, थांबवलं. कंपनी पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते, पण ते नंतर बघता येईल. चामडं महागल्यामुळे गेले चार महिने हॉल्स्टरची मागची बाजू जनावराच्या पोटाकडच्या चामड्यातून काढतो. ग्राहकांना मऊ आवडतं म्हणून तेलही सढळ लावतो. मशीनसाठी कर्ज काढू का? टेक्सासात आता पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, म्हणजे मागणी वाढणारच. तीन वर्षांत नोकरी सोडता येईल का?"

मशीनचं उत्तर दोन ओळींत देता येतं. हवं असेल तर घ्या, बचत खात्यातून घ्या. २२,००० हाताशी असताना २,९०० साठी व्याज कशाला भरायचं?

पण आधी ते मशीन तुमचा किती वेळ वाचवतं, ते पाहू. चामडं साधारण १२ डॉलर चौरस फूट. एका हॉल्स्टरला कापताना वाया जाणारं धरून सव्वा-दीड फूट लागतं, म्हणजे १६ डॉलर. दोरा, गोंद, रंग, फिनिश ४. क्लिप आणि स्क्रू ६. खोका आणि टपाल १०. विक्रीच्या साइटचं आणि कार्डाचं कमिशन ११. एकूण ४७, हातात राहिले ६३.

आता वेळ. कापणी अर्धा तास, चिकटवून कडा घासायला २० मिनिटं, हाताची शिलाई दीड तास. ओलं करून डमी पिस्तुलावर बसवणं आणि हाडाच्या पट्टीने रेषा उठवणं ३५ मिनिटं. रंग, कडा, फिनिश पाऊण तास. क्लिप, तपासणी, फोटो, पॅकिंग आणि "माझ्या मॉडेलला बसेल का" या ईमेलना उत्तरं, ५० मिनिटं. झाले साडेचार तास. ६३ भागिले साडेचार म्हणजे तासाला १४ डॉलर, तेही कराआधी. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा कर) सुमारे १५ टक्के आणि वर तुमचा २२ टक्क्यांचा आयकर. हातात येतात नऊच्या आसपास.

मशीन दीड तासाची शिलाई पंधरा मिनिटांवर आणतं. वाळवणं, कडा, रंग आणि ईमेल आहेत तिथेच राहतात. सव्वा तास वाचला, ताशी कमाई १९ झाली. महिन्याला आठच विकलेत तर जास्तीची कमाई शून्य, फक्त दहा तास मोकळे. बारा विकलेत तर महिन्याला अडीचशे जास्त, म्हणजे वर्षभरात मशीन सुटेल. धंद्याची रीतसर नोंद ठेवून शेड्यूल सी (धंद्याच्या उत्पन्नाचा कर फॉर्म) भरत असाल तर करकायद्याच्या कलम १७९ खाली पूर्ण किंमत त्याच वर्षी वजाही मिळते.

एक गोष्ट मात्र मशीन विकणारा सांगणार नाही. तुमचे ११० डॉलर मिळतात ते दोन सुयांच्या सॅडल स्टिचला. तिथे प्रत्येक भोकातून दोन्ही टोकं जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनचा लॉकस्टिच वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या पोटात अडकवतो. कुठे तुटला की पुढचे टाके सैल पडायला लागतात. २७७ नंबरचा नायलॉन बाँडेड दोरा आणि दणकट सुई वापरली तर मशीनची शिलाईही वर्षानुवर्षं टिकते, त्यात कमीपणा नाही. पण मग जाहिरातीतून "हातशिलाई" हा शब्द काढावा लागेल, आणि किंमत टिकेल का, ते आधी दोन-चार विकून बघा. शिवाय दाबपट्टी आणि खालचे दाते व्हेज-टॅन (झाडाच्या सालीत कमावलेल्या) चामड्यावर वळ उठवतात. दाते घासून गुळगुळीत करणं आणि सर्वो मोटर हळू चालवणं, यात पहिला महिना जाईल. त्याआधी दीडशे डॉलरची ड्रिल प्रेस घेऊन तिच्यात आरीचं टोक बसवा आणि भोकं पाडून घ्या. हाताचा जोर वाचतो, भोकं सरळ येतात आणि प्रत्येक नगामागे वीस मिनिटं सहज सुटतात. एकाच मॉडेलचे चार-चार एकत्र कापलेत तर आणखी.

नोकरी सोडण्याचंही इथेच उरकतो. १,४०,००० भागिले ६३, म्हणजे वर्षाला सुमारे २,२०० हॉल्स्टर, आठवड्याला ४४. मशीन असूनही सव्वातीन तासांचा एक, म्हणजे आठवड्याला १४३ तास. आठवड्यात तास असतात १६८. कंपनीचा आरोग्य विमा यात धरलेलाच नाही. आणि मागणीचं म्हणाल, तर टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याविना पिस्तूल बाळगता येतं हे खरं. पण तो कायदा हॉल्स्टर मागतो ते पिस्तूल दिसत असेल तर. तुमचा माल आहे न दिसणाऱ्यासाठी. शिवाय मागणी वाढलीच, तर तिचा मोठा वाटा कायडेक्स या प्लास्टिकवाले नेतील, कारण त्यांना शीट तापवून दाबायला मिनिटं लागतात.

आता तुम्ही न विचारलेलं.

कंपनी ४ टक्के घालते. १,४०,००० चे ४ टक्के म्हणजे ५,६०० डॉलर, दर वर्षी. तुम्ही ते तीन वर्षं घेतले नाहीत. १६,८०० गेले, ते परत मिळत नाहीत. हॉल्स्टरमधून वर्षाला मिळतात आठ गुणिले बारा गुणिले ६३, म्हणजे जेमतेम ६,०००. रात्री अकरापर्यंत मेणाचा दोरा ओढून जे कमावताय, जवळपास तेवढंच तुम्ही एचआरच्या पानावर एक आकडा न भरून सोडून देताय. "नंतर बघता येईल" हे वाक्य या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

आणि सोडलं कशासाठी? आययूएलसाठी. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटप्रमाणे भरले २८,८००, खात्यात दिसतात २०,५००, आज पॉलिसी मोडली तर हातात येतील १२,४००. "बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" असं तुम्हाला सांगितलं गेलं. शून्याखाली जात नाही ते व्याज, खात्यातली रक्कम मात्र घटते, कारण विम्याचा खर्च आणि पॉलिसीचे आकार दर महिन्याला कापले जातातच आणि विम्याचा दर वयाबरोबर चढतो. तुमच्या व्याजाची वरची मर्यादा ९ टक्के. एस अँड पी ५०० हा शेअर निर्देशांक वीस टक्के वाढला तरी तुम्हाला नऊच, त्यातही लाभांश धरत नाहीत. ही मर्यादा कंपनीला पुढे कमीही करता येते. हातात दिलेला तो रंगीत तक्ता, "पासष्टीनंतर वर्षाला ५०,००० करमुक्त", दर वर्षी सारखं चांगलं व्याज मिळेल असं धरून काढलेला आहे. असे तक्ते इतके फुगवले जात होते की विमा नियामकांच्या राष्ट्रीय संघटनेला २०१५ मध्ये त्यासाठी खास मार्गदर्शक नियम आणावा लागला आणि २०२० मध्ये तो आणखी आवळावा लागला.

"स्वतःची बँक" हे तर निव्वळ शब्दांचं पॉलिश आहे. पॉलिसीवरचं कर्ज विमा कंपनी देते, तुमचे पैसे तारण ठेवून, आणि व्याज तुमच्याकडून घेते. बँक तीच, ग्राहक तुम्ही. वर कर्ज डोक्यावर असलं की पॉलिसी सोडायला मन होत नाही आणि हप्ता चालू राहतो. सल्लागारांना नेमकं तेच हवंय.

क्रम असा ठेवा. आधी वीस वर्षांची, १० लाख डॉलरची साधी टर्म पॉलिसी घ्या. तब्येत ठीक असेल तर महिना शंभरच्या आसपास पडेल. सध्याची पॉलिसी पाच लाखांची आहे, म्हणजे आठपट हप्ता भरून निम्मं संरक्षण. टर्म हातात पडेपर्यंत जुनी मोडू नका, मध्येच वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर उघड्यावर याल. त्याच आठवड्यात ४०१(के) ४ टक्क्यांवर आणा. तुमचे ५,६०० आणि कंपनीचे ५,६००. कर वाचल्यामुळे हातातला पगार महिन्याला साडेतीनशे-पावणेचारशेच कमी होईल. वर्षाला ११,२००, वीस वर्षं, ६ टक्क्यांनी, सुमारे चार लाख डॉलर. ८०० मधून टर्म आणि हे दोन्ही भागून तीनशेच्या वर उरतात.

मग विमा कंपनीकडून लेखी इन-फोर्स इलस्ट्रेशन, म्हणजे चालू पॉलिसीच्या पुढच्या वर्षांचा अंदाज, मागवा, एक ४ टक्क्यांचं आणि एक हमीच्या दराचं. सल्लागारांमार्फत नको, थेट मागवा. त्यात सरेंडर चार्ज (पॉलिसी मोडल्यावर कापली जाणारी रक्कम) कोणत्या वर्षी किती उतरतो ते दिसेल. बहुतेक पॉलिसींत तो दहा ते पंधरा वर्षं रेंगाळतो. पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी आहे तशी ठेवली तर चार्ज जितका उतरेल त्याहून जास्त खर्च कापला जात असेल, तर १२,४०० घेऊन बाहेर पडा. १६,४०० बुडाले असं वाटेल. ते बुडालेत ते तीन वर्षांपूर्वीच. मंडळात तोंड कसं दाखवू, हा प्रश्न त्या सल्लागारांना पडू द्या.

राहिलं पोटाकडचं चामडं. व्हेज-टॅन, म्हणजे आपल्या कोल्हापुरीसारखं झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, ओलं केलं की आकार घेतं आणि वाळलं की तो धरून ठेवतं. हॉल्स्टरला तेच लागतं, सात-आठ औंसाचं, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास. पण पाठीकडचे तंतू घट्ट असतात, पोटाकडचे सैल. पोटाकडचा तुकडा ओढला की ताणतो, घाम आणि उष्णता लागली की आणखी ढिला पडतो. त्यावर नीट्सफूट तेल सढळ हाताने. तेल आतपर्यंत मुरलं की चामड्याने धरलेला आकार ढिला पडतो. तुमची किंमत कमी करण्याची युक्ती आणि ग्राहकाला आवडणारा मऊपणा, दोन्ही एकाच ठिकाणी धोका तयार करतात: हॉल्स्टरच्या तोंडाशी. पिस्तूल बाहेर काढल्यावर पट्ट्याच्या दाबाने तोंड मिटतं. परत आत घालताना मऊ पडलेली कड आत दुमडते, ट्रिगर गार्डमध्ये (घोड्याभोवतीच्या कडीत) शिरते आणि माणूस वरून ढकलत राहतो. गोळी त्याच्याच मांडीत किंवा कुल्ल्यात जाते. जुन्या, ढिल्या चामडी हॉल्स्टरने असं झालेलं आहे, म्हणूनच जाणकार कारागीर तोंडावर चामड्याची दुसरी पट्टी शिवतात, तेल एकच पातळ हात देतात आणि ट्रिगर गार्ड पूर्ण झाकतात.

असं घडलं तर दावा तुमच्यावर. घराच्या विम्यात धंद्याची जबाबदारी वगळलेली असते, अंब्रेला पॉलिसीतही (घर-गाडीच्या विम्यावरचा जास्तीचा जबाबदारी विमा) बहुधा तसंच. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून सुटू असं वाटत असेल, तर चूक ज्या हातांनी झाली ते हात तुमचेच आहेत. स्वतःच्या निष्काळजीपणाला एलएलसी आड येत नाही. प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे मालामुळे इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, कोटेशन काढा, अर्जात "हॉल्स्टर" हा शब्द स्पष्ट लिहा. "चामडी वस्तू" असं मोघम लिहिलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही. हप्ता जड वाटला तर तो किमतीत घाला, आणि किंमत सोसत नसेल तर विकणं थांबवा. टेक्सासात थेट विकलेल्या मालावर ८.२५ टक्क्यांपर्यंत विक्रीकर आणि त्याचा परवाना लागतो. साइटवरून विकलेल्यावर साइट वसूल करते, ओळखीत रोख विकलेल्यावर तुम्हीच भरायचा.

चार महिन्यांचे बत्तीस हॉल्स्टर पोटाच्या चामड्याचे गेलेत. नोंदवहीतून त्या ग्राहकांना आजच लिहा, वापर थांबवायला सांगा आणि पाठीच्या चामड्याचे, तोंडाला पट्टी असलेले नवे पाठवा. माल आणि टपाल धरून नगाला ३६, एकूण साडेअकराशे डॉलर. थांबलेल्या अकरा ऑर्डरी त्यानंतर. मशीन त्यानंतर.