पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दुर्मीळ मुंग्या आहेत का? त्यांच्यासाठी काय करता येईल?

अगदी दुर्मीळ म्हणाल तर टेकडीकडून फार अपेक्षा नको. पण उघड्या मुरमाड माळावर वाकून बघा: बिळाच्या तोंडाभोवती मातीची एकात एक कडी, थेट उमललेल्या फुलासारखी, आणि बाहेर गवताच्या बियांच्या टरफलांचा ढीग. ही दाणे साठवणारी फायडोल मुंगी. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ मध्ये पुण्यातच याच गोतातल्या मुंग्या भिजलेलं बी वर आणून उन्हात वाळवताना पाहिल्या होत्या. जात विरळ नाही, तिचा माळ मात्र विरळ होत चाललाय.

खरी विरळ बघायची तर उडी मारणारी हार्पेग्नाथॉस. टपोरे डोळे, लांबलचक जबडे, नजरेने भक्ष्य हेरून झेप. वसाहत लहान; राणी मेली की काही कामकरी मुंग्याच अंडी घालू लागतात. ती सह्याद्रीतल्या ओलसर, सावलीच्या जंगलात शोधा, टेकडीवर नको.

टेकडीवरचा मोठा धोका, माझ्या मते, चांगल्या हेतूने केलेलं सरसकट वृक्षारोपण. गिरिपुष्पाची (लागवडीत लावतात त्या ग्लिरिसिडिया झाडाची) दाट सावली पडली की गवत हटतं, मग बी कुठलं? वणव्याचं वेगळं सांगायला नको. त्यामुळे झाडं लावणाऱ्या मंडळींना खड्डे खणण्याआधीच गवताळ तुकडे मोकळे सोडायला सांगा. घरटं उकरू नका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि तारीख-जागेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.